गालावरचा वण

पाहुणे पुसदहून सकाळच्या बसनं निघाले असतील, म्हणजे दुपार कलायच्या आत दारात. इंदूबाईनं तेलाची वाटी चुलीच्या वैलावरून उतरवली आणि कोकिळेला उजेडात बसवलं. डाव्या गालावर, कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, वणाची रेघ. अंगठ्यानं दाबून गोल गोल फिरवायचं, फार जोर करायचा नाही, हे यवतमाळच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं टाके काढले त्या दिवशी शिकवलं होतं. त्याला आता दोन वर्षं होत आली. दिवसातून दोनदा, एकही खाडा नाही.

माणूस थकेल नाही तर काय? दिवसभर कापूस वेचायचा, घरी येऊन चूल पेटवायची, आणि वर हे. अंगठा आता पीठ मळतानाही ठणकायचा. इंदूबाईला साऱ्याचाच वीट आला होता, पण हात थांबत नव्हता.

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली, नेरच्या बाजारात कापूस घालून येताना गाडी नाल्याच्या पुलावरून खाली गेली. बैल गेले, गाडीचा चुराडा झाला, आणि चाकाच्या लोखंडी धावेनं कोकिळेचा गाल उघडा पडला. चौदा टाके. इंदूबाईच्या नवऱ्यानं, विठ्ठलरावानं, तेव्हापासून जी बाज धरली ती धरलीच. त्या दिवसाचं नाव या घरात कोणी काढत नसे.

शेजारणींच्या जिभेला मात्र हाड नव्हतं. एकीनं बिब्बा घाल म्हणून सांगितलं, दुसरीनं वणावर गोंदून घे म्हणून. बिब्बा उतला तर उरलासुरला गालही जाईल, हे कळायला डॉक्टर कशाला लागतो? इंदूबाईनं दोघींनाही वाटेला लावलं. तिचा भरवसा तिळाच्या तेलावर आणि स्वतःच्या अंगठ्यावर. उन्हात निघताना ती कोकिळेला पदर गालावरून घ्यायला लावायची. लाल दोरीसारखा फुगलेला वण हळूहळू बसला, फिका पडला.

तरी दोन ठिकाणं मोडली होती. पहिले पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले. दुसऱ्यांनी निरोप धाडला की पोरगी गुणाची आहे, पण सकाळी उठून ते तोंड पाहायचं म्हणजे... पुढचं बोलले नाहीत, उपकारच म्हणायचे. आता हे तिसरे. पुंडलिकराव, बायको वारलेली, पदरात चार वर्षांची मुलगी. त्याच्या बिजवरपणाचं इंदूबाईला काही वाटत नव्हतं. आपण दोघं म्हातारे उद्या डोळे मिटू, मग या पोरीचं कोण, हा एकच घोर तिला खात होता. हेही ठिकाण मोडलं तर चौथं काही येणार नव्हतं.

"राहू द्या ना आता," कोकिळा हळूच म्हणाली. "सारंच पुसून टाकता काय?"

"गालावर घेऊन किती दिस बसशीन, पोरी?" अंगठा फिरतच राहिला. "मले का हौस हाये? पण मी गेल्यावर तुले कोण इचारन?"

कोकिळेच्या डोळ्यांना धार लागली. इंदूबाईलाही भडभडून आलं. वण जसजसा पुसट होत गेला, तसतसं तिच्या स्वतःच्या पोटातलंच काही जात चाललं होतं, आणि हे ती कोणाजवळ बोलू शकत नव्हती. तिनं पदरानं दोघींचे डोळे पुसले आणि उठून पोहे भिजवले.

पाहुणे आले ते दोघंच. पुंडलिकराव आणि त्याची थोरली बहीण. मध्यस्थ भगवानरावाला ऐन वेळी ताप भरला, म्हणून घर विचारत विचारत त्यांनीच शोधून काढलं. चहा-पोहे झाले. बहिणीनं कोकिळेला दाराशी नेलं, हनुवटी धरून तोंड वळवलं आणि गालावरून बोट फिरवलं. बाहेर ओसरीवर विठ्ठलरावानं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

"भगवानराव म्हणे मोठा वण हाये," बहीण म्हणाली. "मले तं बारीक रेघच दिसून राह्यली."

पुंडलिकराव मोजकं बोलणारा. आपल्या मुलीला भाकर भरवशील का, एवढंच त्यानं कोकिळेला विचारलं. ती खाली बघून हो म्हणाली. झालं, पसंती झाली. इंदूबाई तिथंच चौकटीला टेकून बसली. दोन वर्षांचा शीण एकदम अंगावर आला, आणि आनंद व्हायला हवा होता तो काही केल्या होईना.

बहिणीनं तिच्याजवळ सरकून आवाज उतरवला.

"एक गोष्ट राह्यली, माय. पाट लावाचा म्हटला का पयल्या घरची संमती लागते. हिचा नवरा त्याच गाडीखाली गेला, हे आमाले भगवानरावानं सांगतलं. पण उद्या त्याचे मायबाप भांडत आले तं आमची शोभा होईन. कुठी रायतात हिचे सासू-सासरे?"

"सासरा थो ओसरीवर पडून हाये," इंदूबाई म्हणाली. "अन् सासू मी."