शेडमधली स्टुलं

स्टुलं शेडच्या कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवली होती, आणि बायका उभ्याच होत्या.

सुमनताईंचं डोकंच फिरलं. चिंचवडच्या उद्योगशाळेत त्या वस्तुरचना शिकवायच्या. वस्तू आखायची ती वर्गात बसून नाही, वापरणाऱ्या माणसाजवळ जाऊन, हा त्यांचा हट्ट. म्हणून अख्खं सत्र त्यांनी मुलांना पिंपरीच्या या शेडमध्ये पिटाळलं. इथं रहाटणीच्या बायका औषधाच्या बाटल्या धुवायच्या, हौदाशी दिवसभर उभ्या राहून. मुलांनी हौदाची उंची मोजली, बायकांचे हात कुठवर पोचतात ते पाहिलं, एक स्टूल मोडून दुसरं केलं, दुसरं मोडून तिसरं. शेवटी जमलं एकदाचं. बसल्या जागी बाटली धुता येईल असं स्टूल! ते शेडमध्ये देऊन महिना झाला होता, आणि आज पाहायला यावं तर ही तऱ्हा.

सोबत आलेले प्राचार्य यशवंतराव मात्र थंडगार.

"अहो, खेड्यातल्या बायका या. उभं राहायची सवयच असते त्यांना," ते म्हणाले. "अहवालात लिहून टाका, गरज नाही म्हणून. सोमवारी मी गाडी घेऊन येतो. वसतिगृहात कामाला येतील स्टुलं."

एवढं बोलून ते निघूनही गेले. सवय म्हणे! सुमनताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर गोजाबाई उभी होती. सहावा महिना, पाय सुजून टम्म झालेले, घडीघडीला एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होती बिचारी. हिला उभं राहायची सवय आहे म्हणायची?

सगळा राग निघाला तो मुकादमावर. सोपानराव दाराशी खुर्ची टाकून हौदाकडं बघत बसलेले. स्वतः खुर्चीत बसून बायकांना उभं ठेवता, असं सुमनताईंनी त्यांना तोंडावर सुनावलं. पण म्हातारा चिडला नाही, उलट दुखावला. आपण एकीलाही बसू नको म्हटलेलं नाही, म्हसोबाची शपथ घेऊन सांगतो, या तर आपल्याच गावच्या सुना, असं तो काकुळतीनं सांगू लागला. खोटं बोलणारा माणूस असा बोलत नाही. आता मात्र सुमनताई चक्रावल्या.

त्यांनी गोजाबाईला शेडच्या मागं नेलं आणि खोदून खोदून विचारलं. शेवटी पदर सारखा करत ती म्हणाली,

"ताई, मामंजींच्या म्होरं टेकायचं कसं? आमी काय लाज सोडली व्हय?"

गावकीच्या नात्यानं सोपानराव या साऱ्याजणींचे सासरे लागत. कुणाचे थोरले, कुणाचे चुलत. सासऱ्यासमोर सून स्टुलावर चढून बसली असं रहाटणीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. मग मुलांनी विचारलं तेव्हा सगळ्या बसू म्हणाल्या, ते कसं? गोजाबाईनं सांगितलं, तेव्हा जेवणाची सुट्टी होती, मामंजी घरी गेलेले. सुमनताईंनी कपाळावर हात मारला. मुकादमाच्या धाकात बायका खरं बोलायच्या नाहीत, म्हणून जेवणाची वेळ त्यांनीच तर मुद्दाम निवडली होती. हुशारी केली आणि ती अशी अंगाशी आली!

त्या तरातरा आत आल्या आणि सोपानरावांना सगळं सांगितलं. ऐकल्याबरोबर ते ओरडले, बसा गं साऱ्याजणी. साऱ्याजणींनी पदर आणखी खाली ओढले. बसली एकही नाही. ते पुन्हा म्हणाले, तशा माना आणखी खाली गेल्या. बरं, बायकांनी त्यांच्याकडं पाठ करून बसावं, तर तो त्याहून मोठा अपमान.

"मग तुम्हीच फिरा की, सोपानराव," सुमनताई म्हणाल्या. "खुर्ची भिंतीकडं करा."

सोपानराव बघतच राहिले. मुकादमानं काय भिंत राखत बसायचं? मालक काय म्हणेल? गाव तर फिदीफिदी हसेल. पण सुमनताई आता ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. बाटली फुटली तर ती कानालाही कळते, त्याला डोळे कशाला लागतात, असं त्यांनी खडसावलं. गप्पांचा आवाज आला, हात थांबले, तेही पाठमोऱ्या माणसाला कळतं. आणि या बायका तुमचा जो मान राखतात, तो कशाच्या जिवावर राखतात ते एकदा बघा तरी, असं म्हणून त्यांनी गोजाबाईच्या पायांकडं बोट केलं.

सुनेच्या तोंडाकडं बघायची रीत नव्हती. सोपानरावांनी पायांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठले, खुर्ची उचलून वळवली आणि भिंतीकडं तोंड करून बसले. सुरुवातीला कुणीच हललं नाही. मग कोपऱ्यातून एक स्टूल ओढल्याचा आवाज आला, पाठोपाठ दुसरं. सोपानरावांनी मान वळवली नाही.

सोमवारी यशवंतराव गाडी घेऊन आले, आणि शेडच्या दारातच थबकले. झाडून साऱ्या बायका बसून बाटल्या धुवत होत्या. एक रिकामं स्टूल त्यांनी उचललं, उलटं केलं, पाय चाचपले, बैठकीवर थाप मारली. मग जाणत्यासारखी मान डोलावली. रचनेतच काहीतरी खोट होती, आपल्याला आधीपासून वाटतच होतं, असं ते खुशाल म्हणाले. गरज नाही म्हणणारा माणूस जणू दुसराच कुणी होता.

"बरं, बदललंत काय?" त्यांनी विचारलं. "उंची, की पाय?"

"स्टूल तेच आहे," सुमनताई म्हणाल्या. "मुकादमाचं तोंड बदललं."