ओला खांब

पाहुणे पुलाखाली जमले होते आणि बाई भलत्याच खांबाकडे निघाल्या होत्या.

खुर्च्या मांडल्या होत्या काठावरच्या कोरड्या खांबासमोर. बाई मात्र चिखलात बूट रुतवत पाण्याकडेच्या खांबापाशी गेल्या. गुडघ्याच्या वरपर्यंत ओल चढलेला, शेवाळलेला खांब. बाईंच्या हातात त्यांची छोटी हातोडी होती, गळ्यात डबीएवढं यंत्र. हातोडीने टकटक करायचं, यंत्राने तो आवाज ऐकायचा. आतून भरीव असेल तर हिरवा दिवा, पोकळ असेल तर लाल. बाईंनी शोधलेली ही पद्धत दोन वर्षं गावोगावी तपासली जात होती. जंगलखात्याने ती झाडांवर वापरून पाहिली, डॉक्टरांनी हाडांवर, इंजिनिअरांनी पुलांवर. आज निकाल जाहीर व्हायचा होता.

"बाई, आपला खांब इकडे!" चाचण्या घेणाऱ्या संस्थेचे संचालक धावत आले. एकेकाळी ते बाईंचे विद्यार्थी होते, आणि बाईंसमोर आले की अजूनही वर्गात उशिरा पोचल्यासारखे उभे राहायचे.

"तो तुझा खांब. माझा हा."

"बाई, लोक बघतायत."

"बघू देत. त्यासाठीच बोलावलंस ना त्यांना?" बाईंनी हातोडी पुसली. "सकाळी अहवाल वाचला मी. झाडं आहेत, हाडं आहेत, कोरडे खांब आहेत. ओले कुठे गेले?"

"ते वगळलेत. तळटीप दिली आहे."

"भिंग लावून वाचली."

संचालकांनी आवाज खाली आणला. "झाडांत आपण पास, हाडांत पास. चार ओल्या खांबांपायी सगळ्यावर पाणी फिरवायचं का? पुढच्या महिन्यापासून सगळे पूल याच यंत्राने तपासणार आहेत. तुमच्या नावाच्या यंत्राने, बाई!"

"म्हणून तर चिखलात उतरले."

मागे पुलांची इंजिनिअर ड्रिल धरून उभी होती. यंत्राने सांगितलं ते खरं की खोटं, हे भोक पाडून बघायचं तिचं काम. पोकळीत पाणी साचलं असेल तर यंत्र फसतं, हे तिनेच पहिल्यांदा कळवलं होतं. नंतर तिला गप्प बसायला सांगितलं होतं.

"या खांबाचं काय?" बाईंनी तिला विचारलं.

"यंत्र भरीव म्हणतं." तिने हातातलं ड्रिल जरा वर केलं. "मला भोक पाडू दिलं नाही."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला हा खांब आवडत नाही, बाई."

बाईंनी हातोडी उचलली आणि टकटक केली. दिवा हिरवा लागला. दुरून बघणाऱ्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नकोत!" बाई ओरडल्या. "इकडे या सगळे. बूट खराब झाले तर होऊ देत."

पाहुणे एकमेकांकडे बघत पुढे आले. जंगलखात्याचा माणूस आला, हाडांचे डॉक्टर आले, वर्तमानपत्रवाली आली. एक खुर्ची आडवी झाली, ती कुणी उचलली नाही.

"पाड भोक," बाई म्हणाल्या.

इंजिनिअरने संचालकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नाही.

"उद्या नोकरी गेली तर?" तिने हळूच विचारलं.

"तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन. आज उभी आहे तशी. याहून जास्त वचन मला देता येत नाही."

इंजिनिअरने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ड्रिल सुरू केलं. बराच वेळ नुसती करकर चालली, पांढरी भुकटी उडाली. संचालकांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मग ड्रिलचा आवाज एकदम बदलला आणि ते मुठीपर्यंत आत गेलं. इंजिनिअर तोल जाऊन खांबावर आदळली. तिने ड्रिल मागे ओढलं तेव्हा भोकातून काळपट पाण्याची धार लागली. ती बाईंच्या बुटांवर पडत राहिली. यंत्रावरचा दिवा अजून हिरवाच होता.

डोक्यावरून एक जड गाडी गेली आणि पूल घुमला.

"माझे पेशंट निदान असे गळत नाहीत," डॉक्टर पुटपुटले. हसलं कुणीच नाही.

"बाई, तुमच्या आयुष्याचं काम होतं हे," संचालक म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच फाटला होता.

"आहे. होतं नाही, आहे. आणि ते कुठे चुकतं हे सांगायला मी दुसऱ्या कुणाची वाट बघणार नाही."

"म्हणजे पद्धत नापास असं लिहू?" वर्तमानपत्रवालीने विचारलं.

"झाडांत पास, हाडांत पास, ओल्या खांबात नापास. तिन्ही लिहा. पण हे शेवटचं सगळ्यात वर लिहा." बाई इंजिनिअरकडे वळल्या. "तुमच्या गाडीत अडथळे असतात ना? ते लाल-पांढरे?"

"आहेत. पण पूल बंद करायला वरून हुकूम लागतो."

"हुकूम मागव. तोवर अडथळे लाव."

इंजिनिअर चढ चढून धावत गेली. संचालक थोडा वेळ त्या धारेकडे बघत राहिले. मग दुसऱ्या टोकाचे अडथळे लावायला तेही निघाले.

डोक्यावरची घरघर हळूहळू कमी झाली आणि थांबली. त्यानंतर हॉर्न सुरू झाले, एकामागून एक. कठड्यावरून एका ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. चेहरा रागाने लालबुंद झाला होता.

"ओ, कुणाची अक्कल ही? कुणी बंद केला पूल?"

बाईंनी मान वर केली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून म्हणाल्या, "मी!"