कढत पाणी

“खाणीपाशी न्हाणीघरं हवीत का?” सरकारी चौकशी समितीच्या साहेबांनी विचारलं.

“कशाला?” वेल्समधला कोळसा खाणकामगार गोमर ऐटीत म्हणाला. “घरी शेगडीपुढं टब, टबात कढत पाणी. रोज तयारच असतं!” सगळ्या खाणकामगारांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरच्या त्याच्या बायकोनं, ओल्वेननं, शेजारी बसलेल्या गल्लीतल्या बायकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गोमर नखशिखांत काळा होऊन घरी आला, तर टब कोरडा ठणठणीत आणि ओल्वेन निवांत विणत बसलेली.

“पाणी कुठाय?”

“तयारच असतं म्हणालात ना? मीपण कधीची वाट बघतेय.”

गोमर तणतणत तसाच समितीकडे गेला. “साहेब, कालचं उत्तर बदलायचंय.”

साहेबांनी मानही वर केली नाही. “रांगेत या.”

गोमर वळला. अख्खी गल्ली काळ्या तोंडानं उभी होती.