रंगाखालचं लोखंड

हौसेने घेतलेल्या जुन्या ट्रकला त्याने नवा इंजिन कॉम्प्युटर बसवला, पण ट्रक चालता चालता मध्येच बंद पडायचा. वायरिंग वडिलांनी केलं होतं. त्यांची चाळीस वर्षं त्याच कामात गेलेली. "बाबा, तुमचा हात आता थरथरतो, जोड सैल राहिले असणार," असं म्हणून त्याने ते सगळं उपटून नव्याने केलं. त्या दिवसापासून बाबांनी शेडमध्ये पाऊल टाकलं नाही.

दोष तसाच राहिला. तिसरा कॉम्प्युटर बदलून झाला, तेव्हा कुठे आज त्याचं लक्ष अर्थिंगच्या, म्हणजे ट्रकच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या वायरकडे गेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती पहिला कॉम्प्युटर बसवतानाच त्याने स्वतः जोडलेली, म्हणून कधी तपासलीच नव्हती. सांगाड्याला दिलेल्या ताज्या रंगावरच आवळलेली, लोखंडाला धड टेकलेलीच नाही. त्याने रंग खरवडून ती पुन्हा आवळली, आणि इंजिन तासभर न अडखळता चाललं.

आवाज ऐकून बाबा शेडच्या दारापर्यंत आले. तो कसंबसं तोंड उघडणार, तोच ते हसून म्हणाले,



"माझं वायरिंग काढून टाकलंस, ते बरंच केलंस बघ. नाहीतर दोष अजून माझ्याच हाताचा ठरला असता."