मागची सीट

सुचेताने डावा हात पुन्हा बाहेर काढला आणि समोरून येणाऱ्या दोन बायकांना बाजूला व्हा म्हणून खुणावलं. बायका गवतात सरकल्या. एकीने हसून काहीतरी म्हटलं, पण तोवर सायकल पुढे गेली होती.

"कोण होतं गं?" पुढच्या सीटवरून स्वानंदने विचारलं.

"कुणी नाही. तुम्ही समोर बघा."

"समोरच बघतोय. काय शांत वाट आहे! आता फ्रान्सला कशाला जायचं, असं वाटायला लागलंय."

कॉव्हेंट्रीबाहेरच्या या वाटेवरून पूर्वी रेल्वे धावायची. आता रूळ गेले, मोटारींना बंदी, आणि सुटीच्या दिवशी निम्मं गाव कुत्री घेऊन इथेच फिरायला येतं. एवढी वर्दळ स्वानंदला शांत वाटत होती, यातच सगळं आलं. मेंदूचा झटका आला आणि त्याच्या नजरेतली डावी बाजू पार पुसली गेली; डावीकडून आलेला आवाजही त्याला उजवीकडून आल्यासारखा वाटायचा. डॉक्टरांनी गाडी बंद केली, लायसन्स परत गेलं. सायकलला मात्र लायसन्स लागत नाही. हा शोध नवऱ्याला लागला त्या दिवसापासून सुचेताच्या जिवाला घोर लागला होता.

येत्या शनिवारी फ्रान्सची बोट होती. पलीकडे उतरायचं, मग कालव्यांच्या काठाने जाणाऱ्या मोकळ्या वाटा, दोन्ही बाजूंना शेतं, संध्याकाळी एखाद्या खेड्यात मुक्काम. हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्यापडल्या त्याने याच एका गोष्टीचा ध्यास घेतला होता. काठी टाकून तो चालायला लागला तो त्यासाठीच. लंडनच्या स्टॅनमोरहून त्यांची इथेच वाढलेली लेक मालविका फोनवर ओरडली होती, "आई, तू फक्त मला ट्रुथ सांग. बाबाची डोळे ठीक आहे ना?" आणि सुचेताने बेधडक सांगून टाकलं, ठीक आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोन सीटांच्या या सायकलवर हँडल आणि ब्रेक पुढच्याच्या हातात. मागच्याने नुसतं पायडल मारायचं आणि पुढच्याची पाठ बघायची. पुढे बसायला सुचेताचे पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि टेकले असते तरी स्वानंद मागे बसणाऱ्यातला नव्हता. म्हणून ती आपली मान बाहेर काढून काढून त्याची डावी बाजू सांभाळत होती. पाठीचं धनुष्य झालं होतं.

झाडी संपली आणि वाट उघड्यावर आली. मागून, डाव्या अंगाने उतरतं ऊन पडलं होतं. एक म्हातारं जोडपं हातात हात घालून येत होतं. सुचेताने हात बाहेर काढला.

"हात खाली घे, सुचेता," स्वानंद म्हणाला.

तिचा हात तसाच राहिला.

"आपली सावली पडलीये उजवीकडे. तुझा हात ट्रॅफिक पोलिसासारखा चाललाय. मागच्या रविवारीही दिसला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुला मालविकाला खरं सांगावं लागलं असतं."

"अहो, पण कुणाला लागलं म्हणजे? तुम्हाला काही झालं तर परक्या मुलखात मी एकटी काय करू?" तिचा आवाज फाटला. "नको ना जायला. पाया पडते तुमच्या."

"मला घरी बसवू नकोस. घरी बसलो की मी संपलो. तुलाही माहितीये ते."

माहीत होतं, म्हणून तर ती मागे बसली होती. लहान मुलाची समजूत घालावी तसं तो म्हणाला, "तिकडे माणसं कमी असतात गं. तुझा हात एवढा दुखणार नाही."

त्यावर तिला रडू कोसळलं. डोळे पुसून तिने मान बाहेर काढली तेव्हा डाव्या कडेला, अगदी वाटेवरच, एक माणूस ओणवा होऊन झुडपातल्या ब्लॅकबेरी तोडून डब्यात टाकत होता. पाठमोरा. त्याला हाताची खूण कशी दिसणार?

"ब्रेक! अहो, ब्रेक!"

स्वानंदने समोर बघितलं. त्याच्या लेखी समोर काहीच नव्हतं. त्याचे पाय चालतच राहिले. दोघांची पायडलं एकाच साखळीला जोडलेली, त्यामुळे त्याच्याबरोबर तिचेही पाय फिरत होते, त्या माणसाच्या दिशेने. तिने दात-ओठ खाऊन, होतं नव्हतं तेवढं बळ लावून पायडल उलटं दाबून धरलं. पायाखालचं पायडल अडलं तेव्हा कुठे त्याने ब्रेक आवळला. सायकल कचकन थांबली.

चाकापासून वीतभर अंतरावर तो माणूस दचकून सरळ झाला. डबा उपडा झाला, फळं वाटभर सांडली. इथल्या माणसाच्या पायावर पाय दिला तरी माफी तोच मागतो.

"सॉरी!" तो म्हणाला. "सो सॉरी!"

स्वानंद धापा टाकत होता. आवाज कानावर येताच तो लगबगीने वळला, उजवीकडे. तिथे नुसतं काटेरी कुंपण होतं. त्या कुंपणाकडे बघून तो अदबीने हसला.

"नो, नो," तो म्हणाला. "अवर फॉल्ट."