शकुबाईची पाटी

शकुबाईने डोक्यावरची शेणाची पाटी हौदाच्या कडेला टेकवली, तेव्हा चिमणाबाई म्हणाली, "थांब. अजून ठरायचंय."

शकुबाई थांबली. पाटीवरचा हात मात्र तिने काढला नाही.

हौद लहानसाच होता, गुडघाभर खोल. त्यात शेण आणि पाणी हाताने कालवायचं. तळाच्या भोकातला चिंध्यांचा बोळा काढला की कालवण नळातून शेजारच्या खड्ड्यात उतरायचं. खड्डा विहिरीसारखा गोल बांधलेला. तो भरला की त्यावर लोखंडी टोप पालथा बसवायचा. आत शेण कुजेल, गॅस सुटेल, टोप हळूहळू वर उचलला जाईल आणि नळीतून गॅस घराघरातल्या शेगडीला पोहोचेल. टोप येऊन पडलेलाच होता. घोटीहून धरणापर्यंत तो ट्रकने आला आणि तिथून होडीमागे दोरीने ओढत, पाण्यावर तरंगत, टेकाडापर्यंत.

धरण भरल्यापासून टेकाडाच्या चारी बाजूंना पाणी होतं. वर सहा घरं. विजेचे खांब पलीकडच्या काठाला येऊन थांबले होते. लाकूडफाटा होडीतून आणावा लागे, आणि वारा सुटला की होडी सोडता येत नसे. मग बायका असेल ते ओलं जळण फुंकत बसत. चिमणाबाईची सून चांगुणा आताही पदराने डोळे टिपत उभी होती. सकाळपासून तिची चूल धुमसत होती.

"आता ठरायचं काय राहिलंय?" गोटीराम म्हणाला. तो घोटीचा गवंडी. आसपासच्या वाड्यांवर गोबर गॅस तोच बांधायचा. "खड्डा पाऊण भरून अडलाय. पाच घरचं साठलेलं शेण संपलं. शकुबाईच्या दोन म्हशींचं आलं तरच भरंल, नायतर टोप हलायचा नाय. आन् ज्या घरचं शेण त्या घराला नळी, हे पहिल्याच दिशी ठरलंय."

"तवा मी लेकीकडं होते, इगतपुरीला," चिमणाबाई म्हणाली. "आमच्या देवाचा निवद ह्याच जाळावर व्हायचाय. तिच्या घरचं शेण त्यात कसं चालंल?"

बौद्धांचं टेकाडावर एकच घर होतं, ते शकुबाईचं.

"म्हशी तुमच्याच बांधाचं गवत खात्यात, चिमणाबाई," शकुबाई म्हणाली. "तोंडात जातंय तवर तुमचं, आन् खाली पडलं की माझं व्हय?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सहादूलाही हसू आलं, पण त्याने ते मिशीत ठेवलं. सहादू होडी चालवायचा आणि टेकाडावरची भांडणंही तोच मिटवायचा.

"आपण असं करू," तो म्हणाला. "खड्ड्याच्या मधोमध भिंत हाय. मी सोता विटा वाहिल्यात तिच्या. आपलं शेण ह्या अंगानं जाऊ द्या. शकूचं त्या पलीकडच्या तोंडातून टाकू. मधे भिंत. मंग तर झालं?"

माना हलल्या. तोडगा चांगला होता. चिमणाबाईचीही हरकत दिसेना.

गोटीरामने कपाळाला हात लावला. "सहादूभाऊ, ते भाईर पडायचं तोंड हाय. ताजं हिकडून जातं, भिंतीवरून पलीकडं उतरतं, आन् गॅस सुटून राहिलेली रबडी तिकडून भाईर येती. तिकडून टाकलं तर तसंच तुमच्या पायावर यील."

"मंग भिंत बांधली कशाला?"

"ताजं शेण लगेच भाईर पळू नाय म्हणून. दुसरं काय काम नाय तिला."

"आन् टोप?" चिमणाबाईने विचारलं.

"टोप एकच."

"दोन नाय करता यायचे?"

"एक आणताना माझी होडी उलटायची राह्यली," सहादू म्हणाला.

हौदात चिमणाबाईच्या गोठ्यातलं त्या सकाळचं शेण पडलेलं होतं. त्यावर माशा बसत होत्या, उठत होत्या.

शकुबाईने पाटी उचलली. ती घराकडे वळणार असं सगळ्यांना वाटलं. "शकुबाई, जाऊ नका," चांगुणा म्हणाली, आणि सासू ऐकतेय हे ध्यानात येऊन गप्प झाली.

शकुबाईने पाटी हौदात पालथी केली. मग ती उकिडवी बसली, बांगड्या वर सरकवल्या आणि कोपरापर्यंत हात घालून कालवू लागली. गोळे फोडले, तळाचं वर आणलं, कडेचं मधे ओढलं. कोणी तिला अडवलं नाही. अडवायचं तर हात धरावा लागला असता.

काम नीट झाल्यावर ती उठली.

"घ्या निवडून," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही काढा. माझं मी घरी न्हेते."

चिमणाबाई हौदापाशी आली. वाकून तिने बराच वेळ आत पाहिलं.

चांगुणाने भरलेला हंडा कमरेवर घेतला. सासूच्या आधी काही करायची तिची रीत नव्हती. धुराने लाल झालेले डोळे वर करून ती म्हणाली, "आत्याबाई, पाणी घालू का?"

चिमणाबाई सरळ झाली. ऊन वर आलं होतं. हौदाच्या कडांना शेण सुकायला लागलं होतं. तिने सुनेकडे पाहिलं, मग तोंड धरणाच्या पाण्याकडे फिरवलं.

"मला काय इचारतीस?" ती म्हणाली. "वाळायच्या आत घाल."