मुंगीनं खाल्लेला आवाज

“तुझाच काय, कुणाचाच विश्वास बसायचा नाही, पण फोनमध्ये मुंगी शिरली आणि नेमका तुझा आवाज खाऊन गेली,” पंपवाला म्हणाला. “बाकीची गाणी सगळी शाबूत.”

पंपवाल्याची बायको लेकीच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसली होती. खांद्यावर नातू, ओट्यावर स्पीकरवर टाकलेला फोन. बाहेर अजून उजाडायचं होतं.

“मुंगी राहू दे. अलार्मच्या यादीत फाइलचं नाव दिसतं का?”

“दिसतं. पण बटण दाबलं की लाजून आत जातं.”

“मग वाजतं काय?”

“कंपनीचं टिंगटिंग. त्यानं कोण उठतो? मला तर आणखी गाढ झोप लागते.”

पंपवाल्याला पहाटे टाकीचा व्हॉल्व्ह उघडावा लागे. त्याचा डोळा लागला की अख्ख्या वस्तीचे नळ कोरडे. त्याला उठवायचं काम लग्नापासून बायकोचं. म्हणून लेकीच्या बाळंतपणाला निघताना तिनं त्याचा जुना बटणांचा मोबाइल तोंडाशी धरला आणि त्याला दटावलं: “अहो, उठा. पाणी सोडायचंय. लोक बोटं मोडतायत तुमच्या नावानं.” तोच अलार्म लावून दिला. महिनाभर तो बिनतक्रार वाजला. मग आतलं कार्ड जागचं हललं, फोनला फाइल सापडेना, आणि तो आपलं कंपनीचं टिंगटिंग वाजवायला लागला. तेव्हापासून ती रोज पहाटे घरच्या लँडलाइनवर फोन करून नवऱ्याला उठवी, आणि उठवल्यावर दुरुस्ती सांगत बसे.

त्याआधी फोन रविवारी व्हायचा. जेवलात का, गॅस बंद केलात का, ठेवू का. संपला.

दुरुस्तीला मात्र वेळ लागे. कार्ड काढा, पुसा, परत घाला. अलार्मचा आवाज वेगळा असतो, तो वाढवा. तेवढ्यात तो टाकीतल्या माशाची हकिकत सांगून घेई. हा मासा म्हणे त्याच्या पावलांचा आवाज ओळखतो आणि व्हॉल्व्ह उघडला की शेपटी हलवतो. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत मासा आला कुठून, हे ती विचारत नसे. बाळ जागं होऊ नये म्हणून ओठ दाबून हसे, आणि म्हणे, “बरं, आता पुन्हा यादीत जा.”

परत कधी येणार, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. “पाळणाघर मिळेपर्यंत थांब ना, आई,” असं लेक म्हणाली, तेव्हा हिनं मान डोलावली. मग संध्याकाळभर घड्या घातलेले कपडे पुन्हा घड्या घालत बसली.

लेकीला या पहाटेच्या दुरुस्तीचं नवल वाटे. “फोन दुकानात दाखवायला सांग की बाबांना. नाहीतर तुझा आवाज नव्यानं भरून पाठवू या.”

“दुकानदार आणखी बिघडवून ठेवतात,” आई म्हणे. “आणि तो जुना फोन नवं काही घेतच नाही.”

आज नातवानं लवकर जागं केलं, म्हणून तिनं फोनही लवकर लावला होता. पंपवाल्यानं पहिल्याच रिंगला उचलला. आवाज झोपेतून उठलेल्या माणसाचा नव्हता, पोटात चहा गेलेल्या माणसाचा होता. तिनं ते मनातच ठेवलं.

“आता असं करा,” ती सांगायला लागली, “कार्ड काढा आणि...”

पलीकडे, पंपवाल्याच्या मागे कुठंतरी, एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, “अहो, उठा. पाणी सोडायचंय.”

पंपवाला जोरात खोकला. काहीतरी पत्र्याचं खाली पडलं. बाई दुसऱ्यांदा म्हणाली, आणखी मोठ्यानं, “लोक बोटं मोडतायत तुमच्या नावानं.” खोकलाही आणखी मोठा झाला. मग एकदम दोन्ही थांबले.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“काय हो,” ती म्हणाली, “अजून टिंगटिंगच का?”

“टिंगटिंगच,” तो हळू आवाजात म्हणाला.

“असू दे. उद्या फाइलचं नाव बदलून बघू.”

दारात लेक उभी होती. केस विस्कटलेले, हातात दुधाची बाटली.

“आई, अलार्म वाजला की. चांगला तुझ्या आवाजात,” ती म्हणाली. “बाबा थापा मारतात हे मला ठाऊक होतं. तू कधीपासून मारायला लागलीस?”